सोडतीतला नकार

"नंबर लागला नाही" हे वाक्य आमच्या उत्तर नागपूरच्या वस्त्यांत दरवर्षी सोडत निघाली की घरोघर ऐकू येते. शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत राखून ठेवलेल्या पंचवीस टक्के जागांसाठी जे अर्ज भरले जातात, त्यांचे हे उत्तर असते. वाक्य साधे आहे, पण त्यातला 'नंबर' हा शब्द फसवा आहे. आपल्याकडे नंबर परीक्षेत येतो, शर्यतीत येतो, नोकरीच्या यादीत लागतो. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाच्या कानावर हे वाक्य पडले की ते त्याचा सरळ अर्थ लावते : मला काही आले नाही, म्हणून त्या शाळेने मला घेतले नाही. एका आईने मला विचारले होते, "गुरुजी, पोट्टीला सगळ्या कविता पाठ हायेत, पाढे येतात, मंग तिचा नंबर काहून नाही लागला जी?" सोडत कविता ऐकत नसते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

मी महापालिकेच्या एका प्राथमिक शाळेत तेवीस वर्षे शिकवले. निवृत्त झाल्यापासून विहाराच्या वाचनालयात बसून लोकांचे हे अर्ज भरून देतो. अर्ज भरून देण्याचे काम आपल्या कार्यकर्त्यांनी बऱ्याच ठिकाणी उत्साहाने अंगावर घेतले आहे. पण नाव न आलेल्या घरी दुसऱ्या दिवशी जायला सहसा कुणी तयार नसते. म्हणून हा लेख त्या दुसऱ्या दिवसाविषयी आहे.

मुलीची आई नशिबाला दोष देते, तर बाप म्हणतो, "आपली जात पाहून कापलं." सोडत संगणकावर निघते, ती जात पाहून कुणाला कापत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या बापाला 'तू चुकतोस' असे म्हणायला माझी जीभ चटकन उचलत नाही. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला होता. फी भरायची त्याची तयारी होती. त्याला प्रवेश मिळाला नाही. त्या एकाला आत घेतले तर बाकीचे सारे शाळा सोडतील आणि शाळा निरुपयोगी होईल, असा सरकारचा हिशेब होता. पुढे १८५८ साली, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना सारख्याच खुल्या आहेत, असे तत्त्व मान्य झाले. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे निवेदन देताना बाबासाहेबांनी हे प्रकरण मांडले होते. म्हणजे शाळेच्या दारातून परत फिरण्याची आठवण आपल्या समाजाच्या अंगात दीडशे वर्षांहून अधिक काळ मुरलेली आहे. धारवाडच्या त्या नकाराला निदान चेहरा होता. कुणी सांगितले, का सांगितले, हे कागदावर उमटले, म्हणून त्याविरुद्ध भांडता आले. आजच्या नकाराला चेहरा नाही. 'निवड झाली नाही' एवढेच मोबाईलच्या पडद्यावर येते. दलित साहित्याने 'नकार' हा शब्द आपला करून घेतला, तो आपण व्यवस्थेला द्यायचा नकार म्हणून. हा मात्र आपल्याला मिळालेला नकार आहे, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय त्याच्याशी झगडता येणार नाही.

आता ही यंत्रणा पाहू. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ नुसार खाजगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या, शेजारपरिसरातल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचे. त्याचा ठरावीक खर्च सरकार शाळेला परत करते. महाराष्ट्रात काही वर्षे हा दर माणशी वर्षाला १७,६७० रुपये धरलेला होता. (ही रक्कम वेळेवर मिळत नाही, ही संस्थाचालकांची तक्रार खोटी नाही, पण त्याचा राग ते पोरांवर काढतात तेव्हा ती तक्रार ऐकून घ्यायचे कारण उरत नाही.) सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ही तरतूद वैध ठरवली, आणि २०१४ साली अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून वगळले. आपल्या वस्त्यांना ज्या 'कॉन्व्हेंट'ची ओढ असते, त्यांतल्या पुष्कळ शाळा त्या निकालाने सोडतीच्या बाहेर गेल्या. लोक अर्ज भरायला येतात तेव्हा आधी त्याच शाळेचे नाव घेतात, आणि ती यादीतच नाही हे मला सांगावे लागते.

एखाद्या शाळेच्या पहिल्या वर्गात चाळीस मुले घेतात असे धरा. तिथे आपल्या वाट्याला दहा जागा येतात. साठ अर्ज आले, तर पन्नास घरे रिकाम्या हाताने परतणार, हे सोडत निघण्याआधीच ठरलेले असते. कोणती पन्नास, एवढेच सोडत ठरवते. साऱ्या राज्याचा हिशेब यापेक्षा फार वेगळा नाही. २०२५-२६ साठी एक लाखाहून थोड्या अधिक जागा होत्या आणि अर्ज तीन लाखांच्या वर गेले. जागा कमी ठेवणे हे माणसांनी घेतलेले धोरण आहे, आणि चिठ्ठी काढणे हे यंत्राचे काम. आपण रागावतो यंत्रावर आणि रडतो नशिबाला, आणि धोरण मजेत राहते.

ह्या सोडतीत आणखी एक गोष्ट आहे. ती आपल्यांतच बोलायची म्हणून इथे लिहितो. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी एक लाखाची उत्पन्नमर्यादा आहे. पण अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग यांचा समावेश असलेल्या वंचित घटकाला उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे बँकेतल्या आपल्याच अधिकाऱ्याचे मूल आणि त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या आपल्याच बाईचे मूल एकाच चिठ्ठीपात्रात पडतात. कायद्याने ते चूक नाही. पण फी भरण्याची ऐपत असलेल्या आपल्या सुशिक्षितांनी अर्ज भरण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

नाव आले तरी काम संपत नाही. पडताळणी समितीपुढे कागद न्यावे लागतात : जन्माचा दाखला, जातीचा दाखला, राहण्याचा पुरावा. भाड्याने राहणाऱ्याला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. झोपडपट्टीतला घरमालक भाडे रोख घेतो, पण करार नोंदवायला तयार होत नाही. अर्जात घराची जागा नकाशावर दाखवायची असते; ती खूण एक गल्ली इकडेतिकडे झाली की अंतराचा हिशेब बिघडतो आणि आलेले नाव जाते. म्हणून 'नंबर लागला नाही' असे सांगणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, नाव आलेच नाही, की येऊन गेले? या दोन गोष्टी अगदी निराळ्या आहेत. पहिलीत कुणाचाच दोष नसतो. दुसरीत पडताळणीचा नकार लेखी मागून घेता येतो, आणि लेखी मिळाले की तक्रार करता येते. तिसरा प्रकार प्रतीक्षा यादीचा. निवड झालेले काही पालक प्रवेश घेत नाहीत, मग यादी खाली सरकते. त्या फेरीची मुदत थोड्या दिवसांची असते. निरोप मोबाईलवर येईल म्हणून वाट पाहत बसू नये. अर्जाचा क्रमांक टाकून संकेतस्थळावर स्वतः पाहावे. कुणी दलाल पैसे घेऊन 'नंबर लावून देतो' म्हणाला, तर त्याला दारात उभे करू नये. नाव आपसूक आले तर तो पैसे ठेवून घेतो आणि नाही आले तर परत करतो. त्याचा सारा धंदा एवढ्यावरच चालतो.

२०२४ साली काय झाले ते प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असायला हवे. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तिला पंचवीस टक्क्यांच्या बंधनातून मोकळे केले. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही, असा कोपरा क्वचितच सापडेल. तेव्हा लोकांना अर्जात पर्याय दिसू लागले ते गल्लीच्या टोकाच्या शाळेचे, जिथे प्रवेशाला अर्जाची गरजच नसते. अर्जांचा ओघ आटला. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी या नियमाला स्थगिती दिली, १९ जुलैला तो रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्या वर्षी आपल्या मुलांचे प्रवेश पावसाळ्यात गेले. पण एक गोष्ट सिद्ध झाली. जागांचा प्रश्न धोरणाचा आहे, आणि धोरण बदलून घेता येते.

आता त्या दुसऱ्या दिवशीच्या घरात जाऊ. तिथे पहिला धोका कर्जाचा असतो. बाप हट्टाला पेटतो : फी भरीन, पण त्याच शाळेत घालीन. बचत गटाचे कर्ज काढले जाते, नाहीतर आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस दारात येतो. पहिलीची फी कशीबशी भरली जाते. दुसरीत बसचे, पुस्तकांचे, स्नेहसंमेलनाचे पैसे येतात, आणि तिसरीत मूल काढून आणावे लागते. मी माझ्या वर्गात अशी मुले घेतलेली आहेत. ती पहिल्यांदा नकार मिळालेल्या मुलांपेक्षा जास्त मिटलेली असतात. कारण त्यांनी ती शाळा पाहिलेली असते आणि फीसाठी वर्गाबाहेर उभे राहिलेले असते. तेव्हा पालकांना मी पहिलीची फी विचारत नाही, आठवीपर्यंतचा हिशेब वहीत मांडायला लावतो. आणि स्वस्त म्हणून नव्याने उघडलेल्या 'इंग्लिश स्कूल'कडे कुणी वळत असेल, तर मान्यतेचा आदेश आणि शाळेचा यू-डायस क्रमांक मागून घ्यायला सांगतो. मान्यतेशिवाय शाळा चालवणे कायद्याने गुन्हा आहे, तरी अशा शाळा चालतात. त्या वस्तीतच चालतात, हेही लक्षात घ्या.

दुसरा धोका घरातल्या घरात असतो. भावाचा नंबर लागला आणि बहिणीचा लागला नाही, तर ती महापालिकेच्या शाळेत जाते. तिचा लागला आणि त्याचा नाही, तर त्याच्यासाठी कर्ज निघते. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. पहिला चिठ्ठीने झालेला असतो, पण दुसरा घराने ठरवलेला असतो, आणि मुलीला हा फरक फार लवकर कळतो. समतेच्या गोष्टी सांगणाऱ्या आपल्या घरांनी निदान दोघांच्या अभ्यासाला सारखाच वेळ आणि सारख्याच वह्या द्याव्यात.

मुलाशी काय बोलायचे? अर्ज भरताना 'तू त्या मोठ्या शाळेत जाणार' असे त्याला सांगू नये, ही पहिली गोष्ट. सांगून झालेच असेल तर खोटे कारण देऊ नये. शाळा बंद पडली, लांब आहे, तुझे वय बसत नाही, असली कारणे मूल शेजारच्या पोराकडून आठ दिवसांत तपासून घेते. त्याला चिठ्ठ्यांचा खेळच दाखवावा. दहा मुले, तीन बोरे, डब्यात नावे टाकायची आणि डोळे मिटून तीन काढायची. ज्याचे नाव आले नाही त्याला काही येत नाही असे ठरते का, हे त्यालाच विचारावे. मी हे वाचनालयाच्या ओट्यावर करून पाहिले आहे. मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर समजते. एकाने तर मला विचारले, बोरे तीनच का आणली? मला वाटते, हा प्रश्न विधानसभेत विचारण्याजोगा आहे. ज्यांच्या घरी नाव आले त्यांनी पेढे वाटू नयेत असे मी म्हणणार नाही. पण समोरच्या दारात ते देताना 'आमच्या पोराने नंबर काढला' असे म्हणू नये. त्याने काही काढलेले नाही.

आणि आत गेलेल्यांचेही सगळे सुरळीत होते असे नाही. बाबासाहेबांना सातारच्या शाळेत जागा मिळालेली होती, ती घरून आणलेल्या गोणपाटावर. आज गोणपाट नाही. पण एका शाळेत आमच्या वस्तीतली मुले 'ते फुकटवाले' म्हणून ओळखली जात, आणि त्यांना सहलीची चिठ्ठीच दिली जात नसे. हे कायद्याला मंजूर नाही, त्याविरुद्ध भांडलेच पाहिजे. शिवाय मोफत शिक्षण आठवीला संपते. नववीत पूर्ण फी उभी राहते, आणि चौदा वर्षांच्या मुलाला शाळा बदलावी लागते. नंबर लागलेल्या घरांनी ते वर्ष आजच वहीत लिहून ठेवावे.

पसंतीची शाळा हुकलेल्या मुलांना मग कोणती शाळा उरते? बहुतेकांना जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची. इथे आपल्यातले काही विचारवंत मातृभाषेचे प्रवचन सुरू करतात. त्यांची स्वतःची मुले कुठे शिकली, हे मी विचारत नाही. त्यांनाही ते आवडणार नाही. इंग्रजीची ओढ ही आपल्या आयाबायांची हौस नाही. इंग्रजी येणाऱ्याच्या हाती सत्ता जाते, हे त्यांनी ज्या घरांत धुणीभांडी केली तिथे डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा त्यांच्या पसंतीला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. एवढेच सांगावे की मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि पुष्कळ ठिकाणी सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत. आणि जी आई चौथी शिकलेली आहे, ती या शाळेतल्या मुलाची वही वाचू शकते. त्या दुसऱ्या शाळेची वही तिला उलटी धरली काय, सुलटी धरली काय, सारखीच असते.

पण ही शाळा जशी आहे तशी चांगली आहे, असे म्हणणे हा खोटेपणा होईल. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे दोन गुरुजी आणि चार-पाच इयत्ता. एक गुरुजी माहिती भरण्यात गुंतले की उरलेल्या एकावर सारी शाळा. पट घटला की शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की पालक मूल काढतात, मग पट आणखी घटतो. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याची योजना पुढे आली. या शाळा बहुतेक तांड्यांवर, पाड्यांवर, वस्त्यांवर आहेत. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी सांगितले होते की शिक्षणाचा पैसा कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि वरच्यांच्या पोरांवर खर्च होतो. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत बसवले. त्या सर्वांच्या शाळेतून एक एक करून सारे निघून गेले, आणि पुष्कळ ठिकाणी ती पुन्हा फक्त आपलीच शाळा होऊन बसली आहे. हे कुठल्याही हुकमाने झालेले नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

तेव्हा सोडतीत नाव न आलेल्या पालकांनी या शाळेत हिरमुसून शिरू नये, हक्कदार म्हणून शिरावे. इथे प्रवेश नाकारता येत नाही, मुदत उलटून गेली तरीही नाही. वयाचा दाखला नाही म्हणूनही नाही. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, निम्म्या जागा स्त्रियांच्या, आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व आहे. खाजगी शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहणारा पालक इथे शाळेचा विकास आराखडा करायला बसू शकतो, अनुदान कुठे खर्च झाले ते विचारू शकतो. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपता येत नाही. हा मुद्दा समितीने लावून धरला तर शिक्षक तुमच्या बाजूने उभा राहील, कारण त्यालाही तेच हवे असते. आमच्या शाळेत पाण्याची टाकी आणि एक वाढीव शिक्षक मिळाला, तो धुणीभांडी करणाऱ्या चार बायांनी सलग तीन बैठकांत एकच प्रश्न विचारला म्हणून. समितीच्या कागदावर पूर्वी त्यांचे अंगठे असत. त्या बैठकांपासून त्यांच्या सह्या आहेत. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे गावात पंचायत समिती वा जिल्हा परिषदेकडे आणि शहरात महापालिकेकडे द्यायची असते. कलम ३२ ने तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा, नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये.

ही समिती पालकांच्या सभेतून निवडली जाते. पुष्कळ शाळांत या सभेची सूचना फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली जाते आणि सभा कामाच्या वेळी दुपारी घेतली जाते, म्हणजे मजुरीवर गेलेले कुणी येऊच नये. जूनमध्ये मूल शाळेत सोडायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांकडे ही सभा कधी आहे ते विचारा, आणि ती रविवारी वा संध्याकाळी ठेवावी असा अर्ज त्याच दिवशी पाच पालकांच्या सह्यांनी द्या.